पायथ्याची ओल

मातीचं धरण झिरपतंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या काही दिवसांत ज्याला त्याला मला धरण म्हणजे काय ते शिकवायची हौस आली आहे. शिकवा बापड्यांनो, आता तुम्हाला हक्क आहे. पण झिरपण्यात काही पाप नाही. भिंतीच्या पायथ्याशी दगडी चर असतो, झिरपलेलं पाणी त्यात गोळा होतं आणि पुढे एका लोखंडी पत्र्यावरून पडतं. पत्र्याला मधोमध त्रिकोणी खाच असते. खाचेतून किती बोटं पाणी वाहतंय ते बघायचं, की धरण किती गळतंय ते कळतं. वाढलं तर काळजी. गढूळ आलं तर मोठी काळजी, कारण मग नुसतं पाणी येत नसतं, आतून भिंतच वाहून येत असते. माझं काम एवढंच होतं.

आमचं धरण लहान. परक्या माणसाला दाखवलं तर म्हणेल, हा तर गवत उगवलेला बांध आहे. पण वरच्या अंगाला तळं आहे, खालच्या अंगाला शेतं आणि एक आळी आहे, आणि मध्ये ही भिंत आणि मी. लोक मला धरणराव म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात, पण मला ते आवडायचं. बायको म्हणायची, "अहो, हाकेला ओ देताना छाती किती फुगवता? शर्टाचं बटण तुटेल." मी म्हणायचो, तुटू दे, तू आहेस की लावायला.

गेल्या वर्षी मी भिंतीवरची उंदरांची बिळं खणून, माती भरून, चोपून बंद केली. चांगलं काम होतं ते, अजूनही म्हणतो. आणि त्यानंतर खाचेतलं पाणी उतरलं. चार बोटं वाहायचं ते दोनवर आलं. चौकात पाणी समितीच्या खोलीबाहेर एक फळा आहे, त्यावर दर आठवड्याला खडूनं आकडा लिहायचं काम माझंच. ज्या दिवशी मी 'दोन' लिहिलं, त्या दिवशी सायकल दुरुस्तीवाला दुकान सोडून बघायला आला. तोच समितीचा अध्यक्ष. "धरणराव, जादू केलीत की," म्हणाला. मी म्हणालो, जादू कसली, रोज पायथ्यानं फेरी मारतो, डोळे उघडे ठेवतो.

आता खरं काय ते सांगतो. फेरी मी मारायचो, पण वरून. भिंतीच्या माथ्यावरून चालत पलीकडच्या टोकाला जायचं, पायऱ्या उतरायच्या, खाच बघायची, परत वर. पायथ्याला गवत कंबरभर, खाली चिखल, आणि माझे गुडघे दुखतात. वरून सगळं दिसतं अशी मी स्वतःची समजूत घातली होती. वरून गवत दिसतं.

पाटबंधारे खात्याच्या तपासणीवाल्या बाई आल्या. तरुण आहेत, कमी बोलतात, बूट चिखलानं भरलेले असतात. फळ्यावरचे वर्षभराचे आकडे त्यांनी पाहिले आणि विचारलं, "पायथा रोज बघता ना? ओल कुठे नवीन दिसत नाही?" मी म्हणालो, "रोज." त्यांनी स्वतः टोकाकडचा पायथा पाहिला, खाच पाहिली, पत्रा घासून घ्यायला सांगितला. मधल्या भागात त्या जाऊ लागल्या तेव्हा मीच म्हणालो, "कशाला बाई, सापांची जागा आहे, मी सकाळीच पाहून आलोय." त्या थांबल्या. माझ्यावर विश्वास ठेवून थांबल्या.

त्यानंतर समितीनं ठरवलं की यंदा तळं काठोकाठ भरू द्यायचं. आधी आम्ही गळतीच्या भीतीनं पाणी एका पांढऱ्या रेघेखाली ठेवायचो. आता भीती कसली? तळं भरलं म्हणजे खालच्या शेतांना दुसरं पीक. लोकांनी बियाणं आणलं, पेरलंसुद्धा. चौकातून जाताना माणसं खुर्ची पुढे करायला लागली. मला सगळ्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं हे खरं, पण शिडी मीच लावली होती.

आमचं घर धरणाच्या एका टोकाला, टेकाडावर आहे. मागच्या उतारावर बायकोचा भाजीचा मळा, तो थेट धरणाच्या पायथ्यापर्यंत उतरतो. तिच्या भाजीचं गावभर कौतुक. कडक उन्हात जेव्हा बाकीच्यांच्या वेली माना टाकतात, तेव्हा आमच्याकडे भोपळे आणि घेवडा इतका की शेजारीपाजारी वाटून उरायचा. मी ताटावर बसायचो, दोनदा वाढून घ्यायचो आणि म्हणायचो, गुण आहे तुझ्या हाताला. पाणी कुठून येतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

मग तिची बहीण आजारी पडली आणि ती दोन-तीन दिवस तिकडे गेली. जाताना म्हणाली, "संध्याकाळी मळ्याला पाणी द्या. फार काही करायचं नाही. खालच्या कोपऱ्यात नळीला लाकडी खुंटी आहे, ती उपटायची. पाणी आपोआप येतं. वाफे भरले की खुंटी परत ठोकायची. जमेल ना?"

मी म्हणालो, "धरण सांभाळणाऱ्याला वाफे सांभाळायला शिकवतेस होय?"

संध्याकाळी गेलो, खुंटी उपटली. पाणी आलं. बरं, थेंबथेंब नाही, चांगलं धारेनं आलं. मी तिथे उभा राहून बघत होतो आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की हे कुठून येतंय. विहीर आमची दुसऱ्या बाजूला. नळी काळी, रबरी, बोटभर मातीखाली पुरलेली. मी ती उकरत उकरत निघालो. मळ्याचं कुंपण संपलं, गवत सुरू झालं, नळी पुढेच. धरणाच्या दिशेनं. पायथ्याच्या मधल्या भागात, जिथे मी तपासणीवाल्या बाईंना सापांची भीती दाखवली होती, तिथे गवताच्या आत दगड रचलेले होते. दगड बाजूला केले तर खाली तेलाचा जुना पिंप जमिनीत पुरलेला, बाजूंना भोकं पाडलेली, आणि त्यात पाणी भरत होतं. माझ्या धरणाचं पाणी.

म्हणजे गळती कमी झालीच नव्हती. चरात जायच्या आधीच बायको ती उचलून घेत होती. फळ्यावरचा 'दोन' म्हणजे उरलेलं पाणी. बाकीचं आमच्या भोपळ्यात होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मी पिंपात हात घातला. तळाला गाळ होता, कोपरापर्यंत. चिमटीत घेऊन चोळला तर मऊ, कणीदेखील लागेना. ही माती मला ओळखीची होती. बायकोनं याच मातीत व्हरांड्यातल्या कुंड्या भरल्या होत्या आणि मला कौतुकानं म्हणाली होती, बघा किती लोण्यासारखी आहे, फुलझाडं खूश होतात. ती धरणाच्या पोटातली माती होती. भिंत आतून पोखरली जात होती आणि आम्ही तिच्यात झेंडू लावले होते.

वर तळं काठोकाठ. आणि पिंपापासून थोड्याच अंतरावर शेळ्यावाल्या मावशीचं खोपट आणि गोठा. तिच्याशी माझं कधी पटलं नाही. तिच्या शेळ्या भिंतीवर चढतात, खुरांनी माती सुटते, म्हणून मी तिच्यावर वर्षानुवर्षं ओरडत आलो. एकदा तर चौकात चारचौघांसमोर बोललो होतो की हे धरण फुटलं तर या बाईच्या शेळ्यांमुळे फुटेल. त्या संध्याकाळी तिच्या खोपटात दिवा होता. तिची लेक माहेरी आली होती, तान्हं घेऊन. बाळ रडत होतं आणि मावशी त्याला काहीतरी बडबडत हसवत होती. मला सगळं ऐकू येत होतं.

करायचं काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. झडप उघडून तळं उतरवायचं, खालच्या आळीला उठवायचं, बाईंना फोन करायचा. धरणावरच्या कुठल्याही माणसाला हे झोपेतसुद्धा सांगता येईल. मी खुंटी परत ठोकली. दगड होते तसे रचले. घरी आलो आणि हात धुतले.

स्वतःला काय काय सांगितलं ते ऐका. अंधार पडतोय, उद्या उजेडात नीट बघू. बायको येऊ दे, तिला विचारू कधीपासून आहे ते. परवा समितीची बैठक आहेच, तिथेच मांडू, उगाच घबराट कशाला. इतके दिवस काही झालं नाही, दोन दिवसांत काय होणार आहे. एकेक कारण असं शहाण्यासारखं होतं. खरं कारण एकच होतं, की चौकात जाऊन फळ्यावरचा 'दोन' माझ्या हातानं पुसायचा होता. मला त्या फळ्याची लाज वाटत होती. भिंतीची भीती नंतर वाटत होती. एवढा मी नालायक.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडा लिहायचा वार होता. मी गेलो आणि 'दोन' लिहिलं. खडू मोडला, तरी लिहिलं.

बैठकीच्या दिवशी समितीची खोली भरली होती. खालच्या आळीचे लोक, शेतवाले, दाराशी भिंतीला टेकून शेळ्यावाली मावशी. पाणी कोणाला कधी सोडायचं ते ठरायचं होतं. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "एक गोष्ट आहे. पायथ्याला कोणीतरी पिंप पुरून नळी टाकलीय. आज सकाळी फेरीत मला सापडली. त्यामुळे खाचेतला आकडा कमी दिसत होता. पाण्यात मातीही आहे. तळं उतरवावं लागेल."

सगळे एकदम बोलायला लागले. पेरणीचं काय, बियाण्याचं काय. सायकलवाल्यानं टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "कोणीतरी म्हणजे कोणी?"

मी म्हणालो, "ते बघावं लागेल."

मी तिचं नाव वाचवत होतो, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. बायको माझी, अब्रू घरची. पण मागून कोणीतरी म्हणालं, "तिथे तर मावशीचाच गोठा आहे." सगळ्या माना दाराकडे वळल्या.

मावशी म्हणाली, "मला नळी कशाला रे? शेळ्या तळ्यावर पितात."

"रोज तळ्यापर्यंत कोण नेईल, घरात पाणी येत असताना?" दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं मी चौकात बोललेलं वाक्य जशास तसं परत म्हणून दाखवलं. धरणराव तर आधीच सांगत होते, म्हणाला. गोठा तिथून उठवा, असंही कोणी बोललं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं की निदान मी तरी बोलेन, कारण नळी कुठे जाते ते ज्याला सापडली त्यालाच माहीत असणार. मी टेबलाकडे बघत होतो. मी म्हणालो, "उगाच कोणावर आळ नको. चौकशी करू."

चौकशी करू म्हणालो. शब्दसुद्धा किती साळसूद निघाला तोंडातून.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "नळी माझी आहे."

बायको होती. बहिणीकडून परतली होती, हातात पिशवी तशीच. गर्दी बघून थेट इकडे आली असणार. ती आत आली आणि पिशवी खाली ठेवून सरळ सायकलवाल्याशी बोलली, "पिंप मी पुरलाय. मागच्या उन्हाळ्यात तिथे ओल दिसली, पाणी वाया जात होतं, म्हणून मळ्याला घेतलं. त्यात काही चुकतंय असं मला कळलं नाही. मावशींचा काही संबंध नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं म्हणाली, "मला वाटलं यांना माहीतच आहे. हे रोज पायथ्यानंच फिरतात ना."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तिनं माझा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. मला माहीत नव्हतं हेही कळलं, आणि आता माहीत असूनही मी गप्प होतो हेही कळलं. तिनं मान खाली घातली. स्वतःसाठी नाही घातली, मघाशी सगळ्यांसमोर बोलताना ती ताठच होती.

पुढे सगळं भराभर झालं. सायकलवाल्यानं बाईंना फोन लावला. त्यांनी एवढंच सांगितलं की झडप आत्ता उघडा, खालची आळी रिकामी करा, मी निघाले. झडपेचं चाक जड आहे, एकट्यानं फिरत नाही. मी चाकाला हात घातला आणि वर पाहिलं. शेतवाले काठावर उभे होते. त्यांच्या दुसऱ्या पिकाचं पाणी सोडायचं होतं, त्यांनी का हात लावावा? बायको आली आणि समोरच्या बाजूनं चाक धरलं. आम्ही दोघांनी ते फिरवलं. कालव्यातून पाणी धो धो निघालं आणि लोक ते जाताना बघत राहिले.

चाक फिरवताना मी हळूच म्हणालो, "तुझं नाव येऊ नये म्हणून गप्प बसलो."

ती म्हणाली, "माझं नाव आलं असतं तर दोन दिवस तोंड लपवलं असतं मी. आज मला तुमची लाज वाटली. ही कुठे लपवू?"

एवढं बोलून ती शेवटपर्यंत चाक फिरवत राहिली.

तपासणीवाल्या बाई उजेड असतानाच पोचल्या. पिंप उपसून काढला. खाली भिंतीच्या बुडात मुठीएवढं भोक होतं आणि त्यातून मातकट पाणी येत होतं. कोणीतरी सिमेंटचं पोतं घेऊन धावलं, भोक बुजवू म्हणालं. बाईंनी अडवलं. "बुजवलंत तर दुसरीकडून फुटेल. पाणी येऊ द्या, माती अडवा." आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी असे थर टाकून घेतले. ज्यांचं पीक गेलं होतं तेच पाट्या वाहत होते. बऱ्याच वेळानं पाणी स्वच्छ यायला लागलं. बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. फक्त जाताना त्या मधल्या गवतातून चालत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वतः.

मावशीचं खोपट आवरणं चाललं होतं. तिला काही दिवस शाळेच्या खोलीत राहायचं होतं. लेक बाळाला घेऊन पुढे गेली होती, शेळ्या दोरीला बांधलेल्या होत्या. मी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तिच्यासमोर त्यातलं काही आठवेना. मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. बैठकीत मी बोलायला हवं होतं."

ती भांडी गोणीत भरत होती. म्हणाली, "ते सोड. लोक बोलतात, मला सवय आहे. चौकात तूही बोलला होतास." मग तिनं हात थांबवला. "एक सांग. तुला कळलं कधी?"

आज सकाळी, असं मी सगळ्या गावाला सांगितलं होतं. तिलाही तेच सांगता आलं असतं. ओठांवर आलंच होतं.

"परवा संध्याकाळी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग खोपटात, जिथे जमिनीवर अजून अंथरूण पसरलेलं होतं आणि शेजारी बाळाची दुपटी होती.

"परवा रात्री आम्ही इथेच झोपलो होतो," ती म्हणाली. "कालही."

मी वाकून अंथरूण उचलायला गेलो. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः गुंडाळलं.